घर गेले, पागा उरली: वॉन्स्टेडच्या चार मालकांना खुले पत्र

प्रति,
वॉन्स्टेड पार्कातील ग्रोटो, टेंपल, पागा, चर्च, तळी आणि जुने दरवाजाचे खांब ज्यांच्या ताब्यात आहेत त्या सर्व संस्थांचे पदाधिकारी,
पूर्व लंडन.

विषय: पाडलेल्या वॉन्स्टेड हाउसच्या उरलेल्या वास्तूंची एकत्र देखभाल

स.न.वि.वि.

१८२४ साली वॉन्स्टेड हाउस पाडण्यासाठी विकले गेले. किंमत आली दहा हजार पौंड. त्याआधी, १८२२ च्या जूनमध्ये सुरू झालेला घरातल्या सामानाचा लिलाव ३२ दिवस चालला होता. वास्तुविशारद कोलेन कॅम्पबेलने १७१५ च्या सुमारास आखलेले, सहा कोरिंथियन खांबांचा दर्शनी मंडप मिरवणारे ते घर दगडादगडाने विकले गेले. आज त्या जागी गोल्फचे मैदान आहे आणि गवतात एक मोठा खोलगट भाग दिसतो. घर होते ते तिथे.

पण घराबरोबर सगळेच गेले नाही. घोड्यांची पागा उरली, ती आता गोल्फ क्लबची इमारत आहे. टेंपल उरले, देवळाशी त्याचा काही संबंध नाही, बागेच्या शोभेसाठी बांधलेली ती छोटी इमारत आहे. तळ्याकाठी ग्रोटो उरला, म्हणजे माणसाने रचलेली गुहा. रस्त्यालगत घर बांधणाऱ्या सर रिचर्ड चाइल्डची नाममुद्रा कोरलेले दरवाजाचे खांब उरले. १७८७ ते १७९० मध्ये टॉमस हार्डविकने बांधलेले सेंट मेरी चर्च आहे. आणि या सगळ्याला एकत्र बांधणारी तळी आहेत. २००९ साली या उद्यानाचे नाव इंग्लंडच्या ‘धोक्यातील वारसा’ यादीत लागले. त्याला दीड दशक उलटले. धोक्याची घंटा इतकी वर्षे वाजत राहिली की ती कानांना ऐकू येईनाशी होते, म्हणून हे पत्र.

आम्ही चुनाकामाशी आणि जुन्या बांधकामांच्या देखभालीशी संबंध असलेली मराठी माणसे आहोत. इंग्लंडातल्या एका पाडलेल्या घराशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील, म्हणून तेवढे आधी सांगतो.

हे आवार १६७३ च्या सुमारास विकत घेतले जोसाया चाइल्डने. १६८० च्या दशकात तो ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर होता आणि मोगलांशी लढाई काढण्याचे धोरण त्याने रेटले. मुंबईतला कंपनीचा मुख्य अधिकारी सर जॉन चाइल्ड. (जुन्या पुस्तकांत तो जोसायाचा भाऊ म्हणून छापलेला आढळतो, तसे नाते नव्हते.) त्या लढाईचा परिणाम मुंबईने सोसला. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने शिवडीला माणसे उतरवली, माझगाव आणि माहीम घेतले आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. वेढा उठला १६९० च्या जूनमध्ये, तोही कंपनीने औरंगजेबाची माफी मागून दीड लाख रुपये दंड कबूल केल्यावर. जॉन चाइल्ड वेढा चालू असतानाच मुंबईत वारला. जोसायाने मात्र त्याआधीच वॉन्स्टेडला अक्रोडाची झाडे लावली होती आणि तळी खोदली होती. लेखक जॉन एव्हलिनने १६८३ साली ती पाहून दैनंदिनीत नोंद केली आहे. त्याच संपत्तीतून जोसायाच्या मुलाने, रिचर्डने, मोठे घर उभे केले.

दुसरा धागा घराच्या शेवटाचा. १८१२ साली घराची वारसदार कॅथरिन टिल्नी-लाँग हिच्याशी लग्न करून ज्याने ही मालमत्ता कर्जात बुडवली, तो विल्यम हा आर्थर वेलस्लीचा सख्खा पुतण्या. आर्थर वेलस्ली म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेशी लढलेला सेनापती. एकाच घराच्या एका टोकाला शिवडी आणि दुसऱ्या टोकाला असई. पूर्व लंडनमध्ये राहणारी मराठी कुटुंबे रविवारी या तळ्याकाठी फिरायला जातात. हे पत्र मराठीत आहे ते त्यांच्यासाठीही. इंग्रजी प्रत आपल्याकडे वेगळी पाठवत आहोत.

आता तक्रारी. त्या कोणा एका संस्थेवर नाहीत, मांडणीवर आहेत.

पहिली आणि मूळ तक्रार: एका आवाराचे चार तुकडे झाले आहेत. उद्यानाचा मोठा भाग सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनकडे आहे. कॉर्पोरेशनने तो लॉर्ड काउलीकडून घेऊन १८८२ मध्ये लोकांसाठी खुला केला. पागा आणि घराची जागा गोल्फच्या मैदानात. एक हिस्सा रेडब्रिज परगण्याच्या पालिकेकडे. चर्च आणि त्याचे आवार पॅरिशकडे, म्हणजे स्थानिक चर्चमंडळाकडे. प्रत्येक जण आपल्या कुंपणाच्या आतले पाहतो. पण पाण्याला कुंपण कळत नाही, झाडांच्या मुळांना कळत नाही आणि इतिहासालाही कळत नाही. जॉन रॉकने १७३५ साली काढलेला या बागेचा नकाशा समोर ठेवा. घराच्या मध्यातून निघालेली रेषा, समोरचे तळे, दुतर्फा झाडांची रांग हे सगळे एकाच कागदावर एकाच हाताने आखलेले दिसते. आज त्याच रेषेवर चार वेगवेगळ्या संस्था गवत कापतात.

तुलनेला नॉटिंगहॅमशरचे क्लंबर घ्या. तिथले ड्यूक ऑफ न्यूकॅसलचे घर १९३८ मध्ये पाडले. उरले काय? बॉडलीने १८८० च्या दशकात बांधलेले चॅपल, पागा, भिंतीतली भाजीची बाग, तिच्यातले लांबलचक काचघर, तळे आणि पूल. वॉन्स्टेडसारखीच यादी. पण १९४६ मध्ये वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ते उद्यान एकत्र घेतले आणि तेव्हापासून मालक एक आहे. म्हणून चॅपलची पन्हळ आणि काचघराची काच एकाच नियोजनात येतात. वॉन्स्टेडचे मालक एक करा, असे आमचे म्हणणे नाही. ते व्हायचे नाही. योजना मात्र एक होऊ शकते.

दुसरी तक्रार कायद्याच्या फटीची आहे आणि ती वॉन्स्टेडपुरती नाही. १९९० च्या सूचीबद्ध, म्हणजे जतनासाठी सरकारी सूचीत नोंदलेल्या, इमारतींच्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे. सूचीबद्ध इमारतीच्या आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून उभे असलेले बांधकाम त्या इमारतीचाच भाग धरले जाते. म्हणजे घर सूचीत असेल तर त्याची पागा, बर्फघर, बागेची भिंत यांना वेगळी नोंद नसतानाही संरक्षण मिळते. पण घरच नसेल तर? मूळ इमारत नाही, म्हणून आवारही नाही. वॉन्स्टेडचे घर सूचीची पद्धत सुरू होण्याच्या सव्वाशे वर्षे आधी गेले. त्यामुळे इथला प्रत्येक दगड स्वतःच्या नावाने सूचीत असेल तरच सुरक्षित. ग्रोटो आणि टेंपल दुसऱ्या श्रेणीत नोंदलेले आहेत. पण तळ्याच्या काठाची जुनी बांधणी, पायऱ्या, पुलाचे उरलेले पाये, पाणी सोडण्याच्या दारांचे दगड यांचे काय? उद्यान दुसऱ्या श्रेणीच्या वरच्या पायरीवर, म्हणजे ‘दोन-तारा’ दर्जाने, बागांच्या नोंदवहीत आहे. तो मान मोठा आहे. पण त्या नोंदीने दुरुस्तीला किंवा मोडतोडीला स्वतंत्र परवानगीची अट लागत नाही. नियोजनाचा अर्ज आला तर तिचा विचार होतो, एवढेच. अर्ज न करता कोणी जेसीबीने काठ सारखा केला तर नोंदवही काही करू शकत नाही.

तिसरी तक्रार ग्रोटोची, आणि इथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण या जागेचा जीव इथे आहे आणि चुकाही इथेच होतात.

१७६० ते १७६४ च्या दरम्यान रिचर्ड चाइल्डच्या मुलाने, दुसऱ्या अर्ल टिल्नीने, तो बांधवून घेतला. खाली होडी लावायची जागा, वर घुमटाची खोली. खोलीच्या भिंतींना शिंपले, गारगोट्या, स्फटिक, आरशांचे तुकडे लावलेले. पाण्याकडून दिसणारे तोंड ओबडधोबड दगडांचे, जणू निसर्गानेच घडवलेले. नोव्हेंबर १८८४ मध्ये, म्हणजे लोकांसाठी उद्यान खुले झाल्यावर दोनच वर्षांत, आग लागली. छत गेले, खोली गेली. दर्शनी भिंत आणि काही बाजू तेवढ्या उभ्या राहिल्या.

छत नसलेली भिंत कशी मरते हे मालकांना माहीत असायला हवे. भिंतीचा माथा हा तिचा सर्वांत दुबळा भाग. छत असताना तो कधी भिजतच नव्हता. आता पाऊस सरळ आत गाभ्यात उतरतो. गाभ्यात दगड-विटांचे तुकडे आणि चुना असतो. चुना हळूहळू धुऊन जातो आणि पोकळी पडते. हिवाळ्यात आत साचलेल्या पाण्याचा बर्फ होतो आणि तो साधारण नऊ टक्क्यांनी फुगतो. रात्री गोठणे, दुपारी वितळणे असे एका हिवाळ्यात कितीतरी वेळा होते. मग बाहेरचा थर आतल्या गाभ्यापासून सुटतो आणि भिंत पोटाकडे फुगलेली दिसते. फुगवटा दिसू लागला म्हणजे पडझड सुरू होऊन बराच काळ गेला आहे असे समजावे. आगीत तापलेल्या भिंतीत दुसरे दुखणे असते. दगड जोडायला घातलेल्या लोखंडी पट्ट्या गंजल्या की मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतात आणि दगडाला आतून फोडतात. तापलेली वीट वरून ठीक दिसते आणि बोटाने दाबली तर पीठ होते.

मग लोक काय करतात? माथ्यावर सिमेंटचा जाड थर देतात. ही सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत वाईट चूक. सिमेंट भिंतीबरोबर हलत नाही, त्याला बारीक तडे जातात, तड्यांतून पाणी आत जाते आणि सिमेंटच्या झाकणाखाली अडकते. म्हणजे पाणी आत घ्यायचे आणि बाहेर सोडायचे नाही, असा उलटा बंदोबस्त. दरजा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे, सिमेंटने भरल्या की तेच होते: ओल दरजेतून निघू शकत नाही, म्हणून विटेतून निघते आणि विटेचा चेहरा सुटून पडतो.

याला साधा उपाय आहे. माथ्यावरचा सुटा भाग एकेक दगड क्रमांक घालून, फोटो काढून उचलावा, चुन्यात परत बसवावा, पाणी बाजूला उतरेल असा उतार द्यावा आणि वर माती व गवताची ढलपी अंथरावी. गवत पाणी धरते, हळू सोडते, थंडीत माथ्याला पांघरूण होते. मात्र गवतात झाडांची रोपे उगवतात ती वर्षातून दोनदा उपटावीच लागतात. आपल्याकडे किल्ल्यांच्या तटांना वड आणि पिंपळ फोडतात. तिथे ते काम सिकामोरचे झाड आणि आयव्हीची वेल करतात. जिवंत आयव्ही कधी ओढू नये. तिची मुळे दरजांत शिरलेली असतात, ओढले की चुना आणि शिंपले दोन्ही हातात येतात. बुंधा जमिनीजवळ कापावा, वेल पूर्ण वाळू द्यावी आणि मग हाताने अलगद सोडवावी. भिंतीत शिरलेली जाड मुळे तर ओढूच नयेत. कापून ठेवावीत आणि भोवतीची भिंत सावरून मगच काढावीत.

आता मसाल्याबद्दल, म्हणजे चुना-वाळूच्या मिश्रणाबद्दल. आधी जुन्या मसाल्याचे नमुने किमान चार-पाच ठिकाणांहून घ्यावेत, तपासावेत, त्यातली वाळू कोणत्या जाडीची आणि कोणत्या रंगाची आहे ते पाहावे. वरच्या, कोरड्या भागाला विझवून मुरवलेला चुना एक भाग आणि धारदार, चाळून घेतलेली वाळू तीन भाग पुरते. पाण्याच्या पातळीजवळ आणि तिच्या वर हातभर पाण्यातही घट्ट होणारा नैसर्गिक जलचुना, बाजारात ज्याला ‘एन-एच-एल ३.५’ म्हणतात तो, एकास अडीच. त्याहून कडक चुना वापरू नये. तो या मऊ विटांना सिमेंटसारखाच छळतो. दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट खोल, आणि कमीत कमी २५ मिलिमीटर, हाताने खरवडावी. ग्राइंडरने कापू नये. चाक विटेच्या कडा खाते आणि त्या परत येत नाहीत. आत पाणी शिंपडून भिंत ओली करावी, मसाला कोरडसर ठेवून दाबून भरावा, वर ओले गोणपाट टांगून निदान आठवडाभर ओलावा टिकवावा. हवेचे तापमान पाच अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवावे. आपल्याकडे पावसाळ्यात चुना धरत नाही. तिथे थंडीत धरत नाही. म्हणून एप्रिल ते सप्टेंबर हाच काळ.

आणि तेवढ्याच काळात वटवाघळे आडवी येतात. गुहेसारख्या थंड, ओल्या फटी त्यांना हिवाळ्याच्या झोपेसाठी आवडतात, आणि इंग्लंडमध्ये वटवाघळे कायद्याने संरक्षित आहेत. नोव्हेंबर ते मार्च ती झोपलेली, मे ते ऑगस्ट पिल्लांचा काळ. एखादी फट बुजवण्याआधी तज्ज्ञांची पाहणी आणि गरज पडल्यास परवाना लागतो. हे सगळे वेळापत्रकात बसवायचे तर निविदा काढण्याच्या एक वर्ष आधी पाहणी सुरू व्हायला हवी. परांची उभी राहिल्यावर पाहणीची आठवण होते आणि एक हंगाम फुकट जातो. परांचीचे भाडे मात्र चालू राहते. हे इतक्या ठिकाणी घडते की आता त्याला चूक म्हणायचीही लाज वाटली पाहिजे.

शिंपल्यांबद्दल एक सूचना जपून ऐकावी. शिंपला, चुना आणि इंग्लंडातला पोर्टलंडचा चुनखडी दगड हे तिन्ही मुळात एकाच द्रव्याचे, कॅल्शियम कार्बोनेटचे. शेवाळ काढायला कोणी आम्लाचा बोळा फिरवला तर तो शेवाळाबरोबर शिंपलाही खातो. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने शंभर वर्षे टिकलेला तुकडा पाच सेकंदांत तळ्यात जातो. मऊ कुंचला, लाकडी काडी, स्वच्छ पाणी आणि वेळ एवढीच हत्यारे. खाली पडलेला मलबा उचलून नेऊ नये. जमिनीवर एक मीटरच्या चौकोनांची जाळी आखावी, प्रत्येक चौकोनातला माल वेगळ्या पेटीत भरावा, माती पाच मिलिमीटरच्या चाळणीतून काढावी. आरशाचा नखाएवढा तुकडा सापडला तरी तो कुठल्या भिंतीखाली होता हे त्यावरून कळते.

खोली पुन्हा बांधू नका. शिंपल्यांची नवी खोली करून लोकांना ‘जुनी अशी होती’ म्हणून दाखवण्याचा मोह होईल; देणगीदारांना ते आवडते. पण उरलेली भिंत खरी आहे. १८७७ साली विल्यम मॉरिसने स्थापन केलेल्या जुन्या इमारती वाचवणाऱ्या संस्थेने हेच सांगितले होते: आधी रोजची देखभाल, मग दुरुस्ती, आणि अंदाजाने नवे काही जोडू नये.

चौथी तक्रार पाण्याची. उद्यानातल्या हेरनरी पाँड या तळ्याचे पाणी उन्हाळ्यात आटते आणि तळाचा गाळ उघडा पडतो. खालच्या शोभेच्या तळ्यातही पाणी कमी होते, आणि रोडिंग नदीला पूर आला की उलट नदीचेच पाणी आत येते. लोकांना हा देखाव्याचा प्रश्न वाटतो. तो पायाचा आहे. पाण्याकाठच्या जुन्या बांधकामाखाली लाकडी खुंट असतील तर ते सतत पाण्याखाली असेपर्यंत शेकडो वर्षे टिकतात. पातळी खाली गेली आणि हवा लागली की कुजायला लागतात. चिकणमातीचे अस्तर एकदा वाळून भेगाळले की पुन्हा पाणी भरले तरी ते पहिल्यासारखे पाणी धरत नाही. आणि काठाची भिंत पाण्याच्या दाबाविरुद्ध उभी असते. एका बाजूचे पाणी अचानक गेले की मागच्या ओल्या मातीचा रेटा तिला पुढे ढकलतो. म्हणून पातळी एकदम खालीवर करू नये. ग्रोटोजवळ एक साधी मोजपट्टी रोवा आणि दर महिन्याला वाचन लिहून ठेवा. खर्च जवळपास शून्य.

पागेबद्दल थोडक्यात, कारण ती वापरात आहे आणि वापर हीच तिची मोठी दुरुस्ती. तरी एक गोष्ट विसरू नये. घोड्यांच्या मुताने पागेच्या भिंतींच्या खालच्या चार-पाच फुटांत क्षार मुरलेले असतात. ते हवेतला दमटपणा ओढतात. अशा भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकचा रंग दिला की ओल वर चढते आणि रंगाच्या वरच्या कडेला फोड येतात. मग त्यावर आणखी रंग. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी, आणि दर काही वर्षांनी गिलावा बदलण्याची तयारी. तो गिलावा क्षार स्वतःत घेऊन झिजतो. त्याचे काम तेच आहे. टेंपलची गोष्ट पन्हळींची: नोव्हेंबरमध्ये पानगळ संपल्यावर एकदा आणि वसंतात एकदा पन्हळी साफ झाल्या तर अर्धे दुखणे तिथेच संपते.

एक तक्रार सरकारकडेही आहे, ती आपण आपल्या पत्रांतून पुढे न्यावी. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीवर २० टक्के मूल्यवर्धित कर लागतो आणि नव्या घराच्या बांधकामावर शून्य. जतनाच्या दर पाच रुपयांच्या कामावर एक रुपया कर घ्यायचा आणि मग अनुदानाच्या योजना जाहीर करायच्या, याला अर्थ नाही.

शेवटची तक्रार माहितीफलकांबद्दल. इंग्लंडात अशा ठिकाणी घराचा इतिहास वास्तुविशारदाच्या नावाने सुरू होतो आणि उधळ्या जावयाच्या नावाने संपतो. पैसा आला कुठून, हे त्यात बसत नाही. मुंबईचा वेढा लंडनमध्ये कुणाला ठाऊक नाही. पण सेंट मेरी चर्चमध्ये जोसाया चाइल्डचे भव्य स्मारक आहे. ते स्मारक तसेच राहू द्या. त्याच्याजवळ १६८९-९० ची मुंबईची हकीकत चार ओळींत लिहा.

आमच्या मागण्या अशा:

चारही संस्थांनी मिळून एक जबाबदार व्यक्ती नेमावी, जिच्या अखत्यारीत घराच्या उरलेल्या सर्व वास्तू आणि तळी येतील, आणि तिचे नाव व पद उद्यानाच्या दारावर लावावे.

दर पाच वर्षांनी सर्व वास्तूंची एकाच वेळी, एकाच पद्धतीने पाहणी व्हावी. प्रत्येक भिंतीचे फोटो दर वेळी त्याच जागेवरून काढावेत, म्हणजे फुगवटा आणि तडे मोजता येतील. अहवाल लोकांना पाहायला खुला ठेवावा.

सूचीत नसलेले जुने अवशेष, म्हणजे काठाची बांधणी, पायऱ्या, पाण्याची दारे, पुलांचे पाये, मोजून नकाशावर आणावेत आणि त्यांच्या स्वतंत्र नोंदीसाठी सूचीचे काम पाहणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेकडे अर्ज करावा. तोवर पालिकेने त्यांना स्थानिक यादीत घ्यावे.

ग्रोटोच्या कामाच्या प्रत्येक निविदेत पोर्टलंड सिमेंट, आम्ल, जोराचा फवारा आणि ग्राइंडर यांना स्पष्ट मनाई असावी. कंत्राटदाराने आधी एक चौरस मीटरचा नमुना करून दाखवावा आणि तो मंजूर होईपर्यंत पुढचे काम सुरू होऊ नये. पहिला हिवाळा उलटल्यावर तो नमुना पुन्हा तपासावा.

मोठ्या प्रकल्पाची वाट न पाहता देखभालीसाठी दरवर्षी स्वतंत्र तरतूद करावी: पन्हळी, रोपे उपटणे, मोजपट्टीचे वाचन, सुटे दगड परत बसवणे. या कामासाठी चुन्याचे काम जाणणारा एक गवंडी वर्षातून काही दिवस बोलवावा. त्याच्याबरोबर एक शिकाऊ असावा.

पागेचा आतला भाग आणि घराच्या जागेचा खोलगट भाग सप्टेंबरच्या वारसा-दिवसांत लोकांना पाहू द्यावा.

फलकांवर मुंबईचा वेढा आणि असईची लढाई यांचा उल्लेख यावा. मराठी मजकूर आम्ही विनामोबदला लिहून देऊ आणि तो तपासून घेण्यास आमची हरकत नाही.

पहिली एकत्र बैठक ऑक्टोबरच्या आत घ्यावी, म्हणजे या वर्षीची पानगळ संपताच टेंपल आणि पागा या दोन्हींच्या पन्हळी एकाच आठवड्यात साफ होतील. उत्तराची वाट पाहत आहोत.

आपले विश्वासू,
चुनाकाम आणि जुन्या वास्तूंच्या देखभालीशी संबंधित मराठी मंडळी